प-ग-रे कुणाचे? शिफॉन्सच्या एका गाण्याची कुळकथा

‘हीज सो फाइन’ हे तीन शब्द म्हणजे गाण्याचा मुखडा. स्वर तीनच: ‘हीज’वर पंचम, ‘सो’वर गंधार, ‘फाइन’वर रिषभ. आता ‘माय स्वीट लॉर्ड’ म्हणून बघा. ‘माय’वर पंचम, ‘स्वीट’वर गंधार, ‘लॉर्ड’वर रिषभ. पहिलं गाणं १९६३ साली न्यूयॉर्कच्या चार मुलींनी गायलं होतं, आवडलेल्या एका मुलाबद्दल. दुसरं सात वर्षांनी बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने केलं, देवाच्या भेटीची आस धरून. या तीन स्वरांवरून उभा राहिलेला खटला वीस वर्षांहून जास्त रेंगाळला. चालीची मालकी म्हणजे नेमकी कशाची मालकी, हा प्रश्न आजही निघाला की वकील आणि संगीतकार याच खटल्याकडे वळतात.

हे गाणं मला मनापासून आवडतं, आणि खटल्याच्या गोष्टीत ते हरवून जातं याची रुखरुख वाटते. म्हणून आधी गाणं.

शिफॉन्स या न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या शाळकरी मुली. ज्युडी क्रेग, पॅट्रिशिया बेनेट आणि बार्बरा ली या तिघी एकाच शाळेतल्या. चौथी सिल्व्हिया पीटरसन नंतर आली, ती रॉनी मॅकच्या सांगण्यावरून. मॅक हा तरुण कृष्णवर्णीय गीतकार-संगीतकार, या मुलींची व्यवस्थाही तोच बघायचा. वही घेऊन तो रेकॉर्डवाल्यांची दारं ठोठावत होता. तो काळ मुलींच्या गायक-गटांचा होता. चर्चमधल्या गॉस्पेलचा आवाज, रस्त्याच्या कोपऱ्यावर वाद्यांशिवाय गायच्या डू-वॉपची लय आणि रेडिओला हवं तसं अडीच-तीन मिनिटांचं आटोपशीर गाणं, असा तो मेळ. एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. आपल्याकडे भजनात टाळकरी ओळ उचलतात, तशी.

मॅकची गाणी शेवटी ऐकून घेतली ती टोकन्स या गोऱ्या मुलांच्या गटाने. १९६१ साली ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ गाऊन टोकन्स गाजले होते आणि आता त्यांना निर्माते व्हायचं होतं. (त्या सिंहाच्या गाण्याची मूळ चाल दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडाची. त्याने ती १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये गायली आणि १९६२ साली तो जवळजवळ कफल्लक अवस्थेत वारला. त्याच्या मुलींना न्याय मिळायला २००६ साल उजाडलं. चाल कुणाची आणि पैसा कुणाचा, हा प्रश्न या मंडळींच्या घरात आधीपासूनच मुक्कामाला होता.) टोकन्सनी ‘हीज सो फाइन’ची निर्मिती केली आणि पैसे वाचवायला वाद्यंही स्वतःच वाजवली. गाण्यात मागे मुली ‘डूलँग डूलँग डूलँग’ असं काहीतरी अर्थहीन गातात. ते शेपटाला न ठेवता गाण्याच्या तोंडालाच ठेवा, ही सूचना ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाची, असं सांगतात. ती ज्याची असेल त्याला दाद द्यायला हवी. मुख्य गायिकेने तोंड उघडायच्या आतच ‘डूलँग’ तुमचा ताबा घेतं. मग ज्युडी क्रेगचा आवाज येतो, थोडा लाजरा आणि थोडा हट्टी. तो मुलगा आपलाच होणार, याबद्दल तिच्या मनात शंका नाही.

बऱ्याच नकारांनंतर लॉरी नावाच्या छोट्या कंपनीने रेकॉर्ड घेतली. १९६३च्या मार्चअखेर गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि सलग चार आठवडे तिथेच राहिलं. रॉनी मॅकला त्याचं सुख फार लाभलं नाही. त्याला हॉजकिन्स, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला होता. गाण्याची सुवर्णतबकडी त्याला इस्पितळातल्या खाटेवर देण्यात आली आणि ते वर्ष संपायच्या आत तो गेला. वय जेमतेम तेवीस. चालीचे हक्क टोकन्सच्या ब्राइट ट्यून्स या प्रकाशन कंपनीकडे राहिले. ही कंपनी लक्षात ठेवा.

आता समुद्रापलीकडे. १९६९च्या डिसेंबरात हॅरिसन एका दौऱ्यात कोपनहेगनला होता. पत्रकार परिषद चालू असताना तो हळूच बाजूला झाला आणि गिटारवर दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगुच्छ) छेडत बसला. त्यांवर तो कधी ‘हालेलुया’, कधी ‘हरे कृष्ण’ बसवून बघू लागला. पुढे गाणं आकाराला आलं ते बिली प्रेस्टन या गॉस्पेलमध्ये मुरलेल्या कीबोर्डवादकाच्या संगतीत. एडविन हॉकिन्सच्या वृंदाचं ‘ओ हॅपी डे’ हे जुनं ख्रिस्ती भजन त्या वर्षी खूप गाजत होतं. आपल्या मनात तेच होतं, असं हॅरिसनने कायम सांगितलं.

या माणसाचं आपल्याकडच्या संगीताशी नातं वरवरचं नव्हतं. १९६६ साली तो रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत येऊन राहिला होता आणि १९६८च्या जानेवारीत त्याने मुंबईतल्याच एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं. ‘माय स्वीट लॉर्ड’च्या उत्तरार्धात ‘हरे कृष्ण’च्या जोडीने ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’ हा आपला रोजचा श्लोक ऐकू येतो. श्रद्धेने केलेलं गाणं आहे, याबद्दल ऐकणाऱ्याला शंका येत नाही. १९७०च्या अखेरीस ते बाजारात आलं आणि अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पहिल्या क्रमांकावर गेलं. १९७१च्या फेब्रुवारीत ब्राइट ट्यून्सने दावा ठोकला. त्याच वर्षी जोडी मिलर या कंट्री गायिकेने ‘हीज सो फाइन’ नव्याने गायलं आणि त्यात गिटार मुद्दाम हॅरिसनच्या धाटणीची ठेवली. ज्याला साम्य कळत नव्हतं, त्यालाही आता कळलं.

खटला १९७६ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात रिचर्ड ओवेन यांच्यासमोर चालला. हे न्यायाधीश स्वतः ऑपेरा रचणारे संगीतकार होते. त्यामुळे निकालपत्रात कायद्याच्या कलमांच्या जोडीला स्वरलिपी आहे, आणि सा-रे-ग-म येणाऱ्या मराठी वाचकाला ती चटकन कळते.

त्यांनी गाण्याचे दोन तुकडे केले. पहिला तुकडा प-ग-रे. दुसरा प-ध-सा-ध-सा. ‘हीज सो फाइन’मध्ये पहिला तुकडा चार वेळा येतो, मग दुसरा चार वेळा. दुसरा तुकडा दुसऱ्यांदा येतो तेव्हा त्यात एक जादा स्वर डोकावतो आणि तो प-ध-सा-ध-रे-सा असा होतो. हा रिषभ म्हणजे आपला कणस्वर. ‘माय स्वीट लॉर्ड’मध्ये पहिला तुकडा चार वेळा आणि दुसरा तीन वेळा आहे. चौथ्या वेळेच्या जागी तेवढ्याच लांबीची एक वेगळी, छान जागा घेतली आहे. प्रेस्टनने हॅरिसनच्या आधी हे गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं आणि त्यात तो कणस्वरही नेमका त्याच ठिकाणी होता. दोन्ही गाण्यांची कॉर्डची बांधणीही एकच निघाली.

इथे आपल्या मनात येणारा आक्षेप रास्त आहे. सा रे ग प ध, हे तर भूपाचे स्वर. जगभरच्या लोकसंगीतात हीच पाच स्वरांची उतरंड सापडते. प-ग-रे वर कुणी सातबारा कसा दाखवणार? हॅरिसनच्या बाजूचं म्हणणं साधारण असंच होतं की हे तुकडे गॉस्पेलमध्ये पडीकच असतात. न्यायाधीशांनी ते अमान्य केलं नाही. सुटा एकेक तुकडा सामान्यच आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. पण हाच तुकडा चार वेळा, त्याला लागून तोच दुसरा तुकडा जवळजवळ तितक्याच वेळा, आणि कणस्वर त्याच पुनरावृत्तीत, हा क्रम दुर्मीळ आहे. पहिला तुकडा चार वेळा आणि मग दुसरा चार वेळा, हा आराखडा फारच वेगळा असल्याचं दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी मान्य केलं.

म्हणजे भूप सर्वांचा, पण भूपातली एखादी विशिष्ट चाल एकाची असू शकते. नाट्यसंगीताच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून मूळ पदाचा किंवा चिजेचा मुखडा छापलेला असतो. घेतलं ते सांगून घेतलं जाई. रागाचं ऋण मात्र कुणी नोंदवत नसे, कारण ते कुणा एकाचं नव्हतंच. अमेरिकेतल्या न्यायालयाने जी रेघ ओढली, ती मला या रिवाजाच्या बरीच जवळची वाटते.

आता कायद्याचा भाग. चालचोरी सिद्ध करायला तीन गोष्टी लागतात. चालीची मालकी दावा करणाऱ्याकडे हवी, दोन्ही चालींत ठळक साम्य हवं, आणि दुसऱ्याच्या कानावर पहिली चाल गेलेली असण्याची शक्यता हवी. तिसरी अट महत्त्वाची, कारण तुम्ही मूळ गाणं कधीच ऐकलं नसेल आणि योगायोगाने तीच चाल सुचली असेल, तर गुन्हा नाही. इथे ती शक्यता नव्हती. १ जून १९६३ रोजी ब्रिटनच्या यादीत ‘हीज सो फाइन’ बाराव्या क्रमांकावर होतं आणि पहिल्या क्रमांकावर होतं खुद्द बीटल्सचं गाणं. ती यादी हॅरिसनच्या पाहण्यात आलीच नसेल, असं कोण म्हणेल? ते गाणं आपल्याला ठाऊक होतं, हे त्याने नाकारलंही नाही.

राहिला हेतू. साक्षीच्या वेळी हॅरिसनने गाणं कसं जुळत गेलं ते गिटार हातात घेऊन समजावलं. न्यायाधीशांचा त्याच्या सचोटीवर विश्वास बसला. जाणूनबुजून त्याने काही उचललं, असं मला वाटत नाही, हे त्यांनी निकालात लिहिलं. मग घडलं काय? त्यांचं उत्तर मानसशास्त्रीय आहे. हॅरिसन चाचपडत स्वर जुळवत होता. एका जुळणीशी आल्यावर ‘हे लागलं’ असं त्याला आतून वाटलं. ते वाटलं, कारण हीच जुळणी लोकांना आवडून गेली आहे हे त्याच्या नेणिवेला माहीत होतं. जाणिवेला ते गाणं आठवत नव्हतं, एवढंच. आणि कायद्यापुढे नेणिवेतून झालेली नक्कल ही नक्कलच.

अनेकांना हे अन्यायाचं वाटतं. मला वाटत नाही. देवळातून बाहेर पडताना आपण चुकून दुसऱ्याच्या चपला घालून घरी आलो, तर आपलं मन कितीही स्वच्छ असो, चपला त्याच्याच. स्वच्छ मनामुळे आपल्याला कुणी चोर म्हणणार नाही, पण चपला परत कराव्याच लागतात. स्वामित्वहक्काचा दिवाणी कायदा तेवढंच बघतो. हेतूचा विचार होतो तो भरपाई किती, हे ठरवताना. हे तत्त्व ओवेन यांनी शोधलेलं नव्हतं. १९२४ साली जेरोम कर्न या नामवंत संगीतकारावर एका जुन्या गाण्यातली खर्जाची साथ उचलल्याचा दावा झाला होता. स्मृती फसवते हे मान्य करूनही न्यायाधीश लर्नेड हँड यांनी त्याला दोषी धरलं आणि जेमतेम २५० डॉलरची भरपाई लावली.

हॅरिसनच्या बाबतीत रक्कम मोठी होती. गाण्याची कमाई मोजताना न्यायालयाने गुंत्यामागून गुंते सोडवले: सिंगल रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला दुसरं गाणं, तीन तबकड्यांच्या संचात डझनांनी गाणी, मग त्यातलं ‘माय स्वीट लॉर्ड’मुळे किती खपलं? रेडिओवर कोणतं गाणं किती वाजलं, त्यावरून वाटणी केली गेली. एकूण कमाई धरली २१,३३,३१६ डॉलर. त्यातला पाव भाग हॅरिसनच्या शब्दांचा आणि नावाचा मानला, उरलेला पाऊण भाग चालीचा. म्हणजे १५,९९,९८७ डॉलर.

आणि मग गोष्टीला असं वळण मिळालं की वाचताना संताप येतो. १९७१ साली दावा दाखल झाला तेव्हा हॅरिसनच्या वतीने ब्राइट ट्यून्सशी बोलणी करायला बसला होता त्याचा व्यवस्थापक ॲलन क्लाइन. १९७३ साली दोघांचं फाटलं. त्यानंतर क्लाइन परस्पर ब्राइट ट्यून्सकडे गेला, गाण्याच्या कमाईचे आकडे त्यांना पुरवले आणि स्वतःच हक्क विकत घ्यायची बोली लावली. १९७६च्या जानेवारीत हॅरिसनने १,४८,००० डॉलर देऊन मिटवायची तयारी दाखवली होती. पण पलीकडे चढी बोली हातात असल्यावर कंपनी कशाला ऐकते? निकालानंतर, १९७८ साली, क्लाइनने ५,८७,००० डॉलरला चाल आणि खटला दोन्ही विकत घेतले. म्हणजे कालपर्यंत हॅरिसनच्या बाजूने बसलेला माणूस आता वादी बनून सोळा लाख डॉलर मागू लागला.

ओवेन यांनी १९८१ साली ते चालू दिलं नाही. अशिलाच्या विश्वासाने मिळालेली माहिती अशिलाविरुद्ध वापरून नफा कमवता येणार नाही, असं त्यांनी ठरवलं. क्लाइनने जेवढे मोजले तेवढे, ५,८७,००० डॉलर, हॅरिसनने द्यावेत आणि हक्क घ्यावेत. क्लाइनला एक पैसाही नफा नाही. १९८३ साली वरच्या न्यायालयाने हे दोन्ही निकाल कायम केले: नेणिवेतली नक्कल ही नक्कल, आणि क्लाइनची खरेदी विश्वासघाताची. देशोदेशींच्या हक्कांचे उरलेसुरले वाद मात्र नव्वदच्या दशकातही चालूच राहिले.

या सगळ्यात शिफॉन्स कुठे आहेत? कुठेच नाहीत, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एका रेकॉर्डमध्ये दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. ती रचनाकाराची आणि त्याच्या प्रकाशकाची. दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे त्या दिवशी, त्या गळ्यातून निघालेला आवाज. ती सहसा रेकॉर्ड कंपनीची. अमेरिकेच्या संघीय कायद्याने ध्वनिमुद्रणाला संरक्षण दिलं तेच १५ फेब्रुवारी १९७२ पासून पुढच्या रेकॉर्डना. तिथल्या साध्या रेडिओ केंद्रांवर गाणं वाजलं तर रचनाकाराला मानधन मिळतं, गाणाऱ्याला आजही मिळत नाही. हॅरिसनवरचा दावा फक्त रचनेचा होता. ज्युडी क्रेगच्या आवाजाशी, त्या ‘डूलँग’शी, चौघींच्या मेहनतीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. ज्या आवाजांमुळे ती चाल हॅरिसनच्या नेणिवेत जाऊन बसली असणार, त्यांना विचारायचं कायद्याला कारणच नव्हतं. माझ्या लेखी निकाल बरोबर होता, पण त्याच्या पलीकडे एक फार मोठी बाकी राहून गेली.

शिफॉन्स तिथेच थांबल्या नाहीत, हेही सांगायला हवं. त्याच १९६३ साली त्यांचं ‘वन फाइन डे’ पहिल्या पाचात गेलं. त्यातला अवखळ पियानो कॅरोल किंगचा, गाण्याच्या रचनाकार जोडीतलीच ती एक. १९६६ साली ‘स्वीट टॉकिन गाय’ पहिल्या दहात आलं. आणि खटला उभा राहायच्या आदल्या वर्षी, १९७५ साली, त्यांनी ‘माय स्वीट लॉर्ड’ही गाऊन घेतलं.

हॅरिसनने १९७६ साली या खटल्यावर चिडून आणि हसून ‘धिस साँग’ हे गाणं केलं. पण त्या प्रकरणाने पुढे बराच काळ गाणं लिहायला बसताना भीती वाटायची, असंही त्याने सांगितलं आहे. ती भीती त्याच्यापुरती राहिली नाही. अमेरिकन गायक मायकेल बोल्टनला आयस्ली ब्रदर्स या गटाच्या जुन्या गाण्यावरून ज्युरीने दोषी ठरवलं आणि २००० साली वरच्या न्यायालयाने ते कायम ठेवलं, तेव्हा आधार होता तो याच नेणिवेतल्या नकलेचा. २०२२ साली लंडनच्या न्यायालयाने गायक एड शीरनला ‘शेप ऑफ यू’च्या दाव्यातून सोडलं, तेव्हा न्यायाधीशांना मुद्दाम लिहावं लागलं की जाणूनबुजून नाही आणि नेणिवेतूनही नाही. त्यानंतर शीरनने सांगितलं की आता आपण गाणं रचायला बसलो की कॅमेरा सुरू करून ठेवतो, सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत.

हे सगळं कानाने तपासायचं असेल तर क्रम असा ठेवा: आधी शिफॉन्स, मग बिली प्रेस्टन, मग हॅरिसन, शेवटी जोडी मिलर. प्रेस्टनपाशी घाई करू नका. दुसरा तुकडा दुसऱ्यांदा येईल तेव्हा धैवतानंतर षड्जावर येताना रिषभाचा स्पर्श होतो का, तेवढंच ऐका.